दोरूकाठचे बारीक मणी

परदेशात आपला माणूस हरवला तर शोधायचा कुठं? पंचवीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, जवळच्या शेतात. सगळे बाजारपेठेत घड्याळं बघत असतात आणि आमचे काटेवाडीचे भगवानतात्या गायब असतात. सुरुवातीला मी घाबरून पोलिसांकडं धावायचो. पुढं शहाणा झालो. गावाबाहेरच्या पहिल्या गोठ्याकडं सरळ चालू लागायचं. तात्या तिथं कुणा गोऱ्या माणसापुढं उभे असतात, गाईच्या कासेकडं बोट दाखवून मराठीत विचारत असतात, "दिसाला किती लिटर?" तो गोरा त्याच्या भाषेत उत्तर देत असतो. दोघांचं उत्तम चाललेलं असतं. मधे पडून विचका मीच करतो.

जळोचीत माझं दोन टेबलांचं ऑफिस होतं. बारामती-इंदापूरकडच्या शेतकऱ्यांना अभ्यासदौऱ्यावर परदेशी नेणं हा माझा धंदा. अभ्यास किती व्हायचा ते विचारू नका, पण दौरा नक्की व्हायचा. लोकांना वाटतं टूर मॅनेजर म्हणजे छत्री उंच धरून पुढं चालणारा माणूस. खरा टूर मॅनेजर सगळ्यांच्या मागं चालतो. कोण मागं राहिलं, कुणाची गोळी घ्यायची राहिली, कोण घोरतं म्हणून कुणाला त्याच्या खोलीत द्यायचं नाही, कुणाच्या बॅगेत शेंगदाण्याच्या चटणीचा डबा फुटलाय, हे सगळं त्याला माहीत असावं लागतं.

यातलं सगळ्यात फसवं काम म्हणजे दुभाषाचं. हॉटेलवाला लालबुंद होऊन सांगतो, तुमच्या माणसांनी न्हाणीघराची फरशी पाण्यानं भरून टाकलीय. मी आमच्या लोकांना सांगतो, साहेब विचारतायत, गरम पाणी पुरलं ना? आमचे लोक म्हणतात, त्याला म्हणावं तुझ्या चहाला चव न्हाय. मी त्याला सांगतो, चहा फार आवडला. इकडून कडू निघालं तरी तिकडं गोड पोचलं पाहिजे. या साखरपेरणीचा मला बरीच वर्षं अभिमान होता.

आणि एक नियम होता. वाईट बातमी घराच्या जवळ आल्यावर द्यायची. हा नियम मी ठेच लागून शिकलो. एकदा व्हिएन्नात सकाळी नाश्त्याच्या वेळी फोन आला, आमच्यातल्या एका गृहस्थांचा धाकटा भाऊ गेला. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. पुढचे दोन दिवस परतीचं विमान मिळेना. तो माणूस हॉटेलच्या खोलीत पलंगाच्या कडेला हात मांडीवर ठेवून बसून राहिला. रडायला घरचं कुणी नाही, जायला वाट नाही. तेव्हाच ठरवलं, वाट असल्याशिवाय अशी बातमी कुणाच्या हातात द्यायची नाही.

संपादकांनी माझ्याकडं गमतीजमती मागितल्या आहेत. त्या भरपूर आहेत आणि काही इथंही येतील. पण लिहायला बसलो की मला पोर्तुगालमधली दोरू नदी आणि हौसाकाकीच आठवतात. तेव्हा तेच लिहितो.

आमच्याकडच्या द्राक्षवाल्याला मोकळीक मिळते ती सप्टेंबरात. ऑक्टोबरची छाटणी तोंडावर असते, वेल विश्रांतीला असतात. नेमकी त्याच वेळी पोर्तुगालमध्ये द्राक्षतोडणी चालू असते. म्हणून मी तो दौरा काढला होता. पोर्तो शहरातून बोटीत बसायचं, वाईनच्या मळ्यांमधून नदीनं वर वर जायचं, बोटीतच राहायचं, जेवायचं, झोपायचं आणि वाटेत मळे बघत परत यायचं. छत्तीस माणसं जमली. त्यातल्या हौसाकाकी इंदापूर तालुक्यातल्या, भिगवणच्या पुढं हायवेला लागून त्यांची वस्ती. वय सत्तरीच्या पुढं, गुडघे गेलेले, हात मात्र शाबूत. तालुक्यात कुणाच्याही बागेत विरळणी असली, म्हणजे घडातले जादा मणी कात्रीनं काढून बाकीच्यांना फुगायला जागा करायची असली, की बायकांची टोळी घेऊन काकीच जायच्या. एक्स्पोर्टचा माल काकींच्या हाताखालून गेला की परत येत नाही, असं व्यापारी म्हणायचे. स्वतःची एकच एकराची बाग, नवऱ्यानं लावलेली, बावीस वर्षांची. आपल्याकडं इतकी वर्षं कुणी बाग ठेवत नाही.

दौऱ्याचं बुकिंग त्यांच्या मुलानं, संजूनं केलं होतं. त्याचं इंदापुरात खतं-औषधांचं दुकान आहे. दुकानदारांचे मोठे गट तो माझ्याकडं पाठवायचा. बुकिंग करताना त्यानं दार लोटून घेतलं.

"भाऊ, आईला नऊ दिवस फिरवून आणा. तेवढ्यात मी बाग काढून घेतो."

"काकींना माहीत आहे?"

"न्हाय. सांगितलं तर ती जेसीबीम्होरं बसंल. आईच्या अंगावर मशीन घालू का, तुमीच सांगा. औंदा दोनदा पडलीय ती बागंत. जमीन खारवटलीय, मुळ्या काळ्या पडल्यात, तरी रोज जाऊन बसती तितं. तिथं पोल्ट्रीचं शेड टाकतो. आल्यावर रडंल चार दिस, मग हुईल गप. तुमाला काय म्हाईत न्हाय असंच दाखवा."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला ते सगळं पटलं. तो माझं मोठं गिऱ्हाईक होता म्हणून जरा लवकर पटलं, हेही लिहून टाकतो.

बोट काकींना पहिल्या दिवसापासून आवडली. दोरू नदीवर धरणं आहेत आणि त्यांच्या पोटातून बोटी वर चढवतात. बोट एका खोल हौदात शिरते, मागचं दार बंद होतं, पाणी भरायला लागतं आणि अख्खी बोट उचलली जाऊन धरणाच्या वरच्या अंगाला निघते. दोन्ही बाजूंच्या ओल्या भिंती खाली खाली सरकताना काकी हात जोडून उभ्या होत्या. म्हणाल्या, "आपलं उजनी बांधणाऱ्यास्नी हे सुचलं न्हाय व्हय रं? धरणाखालच्या माझ्या माहेरच्या बायका होडीतनं वर आल्या असत्या." तात्यांची वेगळीच तऱ्हा. वाईन चाखायच्या कार्यक्रमात घोट तोंडात घोळवून भांड्यात थुंकायचा असतो असं सांगितल्यावर ते माळकरी गृहस्थ माझ्या कानाशी लागले, "थुकायचीच व्हती तर काढली कशाला?"

पण सगळ्यांचे डोळे होते ते काठावरच्या डोंगरांवर. पायथ्यापासून माथ्यापर्यंत दगडी बांध, बांधांवर वेल. माती म्हणावी तर नाहीच, नुसत्या पाटीसारख्या दगडाच्या कपच्या. ठिबकच्या नळ्या कुठं दिसतात का, हे बघण्यात आमच्या माणसांचे दोन दिवस गेले.

चौथ्या दिवशी एका मळ्यावर गेलो. मालकीण दोना अमेलिया, म्हणजे तिकडच्या भाषेत अमेलियाबाई, काकींच्याच वयाच्या, ताठ बाई. इंग्रजी छान बोलायच्या. त्यांच्याकडं पाहुण्यांना तोडणीची हौस भागवायला कात्र्या देतात. दहा मिनिटं चार घड तोडायचे, फोटो काढायचे आणि सावलीत बसून वाईन चाखायची. मी कात्र्या वाटल्या आणि वर घराकडं गेलो. माळकऱ्यांसाठी रस आणि बिनअंड्याचं जेवण याची बोलणी करायची होती. त्यात पाऊण तास गेला.

खाली आलो तर पुरुषमंडळी बांधावर बसून फोटो काढत होती आणि बारा-तेरा बायका पदर खोचून अख्खी ओळ संपवून दुसऱ्या ओळीत शिरल्या होत्या. काकी पुढं. "देठाला धर गं, मण्यावरची लव पुसू नगंस. बारीक मणी काढ. सुकल्यालं काढ. असला घड पेटीत जातोय व्हय?" पंधरा क्रेट ओळीनं मांडलेले. देठ वर, घड खाली, एकसारखे, आता ट्रकमध्ये घालून मुंबई बंदराला पाठवावेत असे. आणि वेलांखालची जमीन बारीक, सुरकुतलेल्या मण्यांनी काळी झालेली.

माझी छाती अभिमानानं फुगली. तेवढ्यात दोना अमेलिया मागून आल्या.

त्या ओरडल्या नाहीत. एक क्रेट बघितला, दुसरा बघितला, मग खाली वाकून मूठभर मणी उचलले. म्हणाल्या, "हे वेल माझ्या आजोबांनी लावले आहेत. फार थोडा माल देतात. वाईन होते ती या बारीक मण्यांची, या सुकलेल्यांची. पाणीदार मोठा मणी मला कुठंही मिळतो. तुमच्या लोकांनी माझी वाईन जमिनीवर टाकलीय आणि मला टरफलं भरून दिलीत. त्यांना म्हणावं, कात्र्या ठेवा आणि जा."

खायच्या द्राक्षात जो मणी कचरा, तोच वाईनमध्ये सोनं. हे मला माहीत होतं. कात्र्या वाटताना सांगायचं मात्र सुचलं नव्हतं. चूक माझी होती, काकींची नव्हती. मी तोंड उघडलं आणि सवयीनं साखर पेरायला निघालो. "काकी, बाईंना तुमचा हात—"

"थांब," काकी म्हणाल्या. "तिचं तोंड दिसतंय मला. ती काय म्हणली ते जसंच्या तसं सांग. गोड करून सांगू नगंस."

तोवरच्या इतक्या वर्षांत असं मला कुणी म्हटलं नव्हतं. मी सगळं सांगितलं, शेवटच्या 'जा'सकट. काकींनी कात्री मिटून बांधावर ठेवली. मग एका हातानं खांब धरून, गुडघ्याला कळ लागत असताना, त्या कपच्यांवर खाली बसल्या आणि एकेक मणी वेचून ओच्यात टाकायला लागल्या. त्यांचं बघून सगळ्या बायका बसल्या. मग तात्या बसले. मग उरलेले पुरुषही मोबाईल खिशात घालून बसले.

इकडं माझा वेगळाच घोर. धरणातून बोट उतरवायची वेळ ठरलेली असते, ती चुकली की पुढचं सगळं चुकतं. निघायला अर्धा तास होता आणि छत्तीस माणसं उन्हात जमिनीवर बसून मणी वेचत होती. मी कप्तानाला फोन करून खोटंच सांगितलं की एका म्हाताऱ्या बाईंना चक्कर आलीय. त्यानं वीस मिनिटं वाढवून दिली.

दोना अमेलिया बराच वेळ उभ्या होत्या. मग त्याही काकींसमोर खाली बसल्या. मणी वेचता वेचता काकींनी माझ्यामार्फत विचारलं, पाणी कुठनं देता? बाई म्हणाल्या, देत नाही, मुळं दगडात खोल जाऊन शोधतात. वेल किती वर्षांचे? ऐंशीच्या वर. काकींचे हात थांबले.

"माझी बावीसची हाय, तर समदी म्हंत्यात म्हातारी झाली, काढून टाक."

मी ते सांगितलं. बाई म्हणाल्या, "म्हाताऱ्या वेलाकडून जास्त मागायचं नाही. घड कमी ठेवायचे. मग तो देतो."

काकी खुलल्या. "हेच चुकलं बघ आमचं! आमी तिच्याकडनं तरण्यावानी माल मागत बसलो. पाणी बी लई पाजलं. ह्या छाटणीला मी मोजकंच घड ठिवनार." उठताना त्यांनी दोना अमेलियांच्या खांद्याचा आधार घेतला. वेचलेले मणी बाईंनी वेगळ्या टोपलीत घेतले. त्यांचं पुढं काय होईल ते त्या बोलल्या नाहीत. कपच्यांची धूळ लागलेले होते, फार काही होणार नव्हतं.

बोट सुटल्यावर काकी माझ्याजवळ आल्या. "दिलीपा, तू सरळ मानूस हायस. तिचं बोलनं झाकलं न्हाईस. आता संजूला फोन लाव, त्याला सांगायचंय."

मी डेकच्या टोकाला जाऊन फोन लावला. संजूनं पहिल्या वाक्यालाच विचारलं, "सांगितलं न्हाय ना आईला?" मी म्हटलं, "नाही." आणि फोन काकींच्या हातात दिला. काकी मोठमोठ्यानं सांगत होत्या. दगडात वेल जगतात, पाणी कमी कर, घड कमी ठिवायचं, मी आल्यावर बघू, तवर छाटणीची मानसं ठरवू नगंस. पलीकडून संजूचं "व्हय आई, व्हय" मला ऐकू येत होतं. संजूनं आधीच सांगून ठेवल्याप्रमाणं जेसीबी परवा येणार होता. मला ते माहीत होतं, संजूला माहीत होतं आणि आमच्या दोघांच्या मधे फोन धरून उभ्या असलेल्या बाईला माहीत नव्हतं.

"ऐकलं बरं का त्यानं," फोन परत देत काकी म्हणाल्या.

तेव्हा सांगायला हवं होतं. त्या रात्रीही वेळ होती, दुसऱ्या दिवशीही होती. मी माझ्या नियमाचा आडोसा घेतला. ही इथं परमुलखात, हिला वाट नाही, उगाच कशाला जीव टांगणीला लावायचा. पण तो नियम घडून गेलेल्या गोष्टीसाठी होता. भावाचं मरण कुणी अडवू शकत नव्हतं. जेसीबी एका फोननं थांबला असता. एवढा साधा फरक मला कळत नव्हता असं नाही. मला संजूला दुखवायचं नव्हतं आणि काकींनी नुकतंच मला सरळ माणूस म्हटलं होतं, तेही गमवायचं नव्हतं.

दोन दिवसांनी दुपारी मोबाईलवर फोटो आला. रिकामी जमीन, कडेला मुळांचा ढीग, गुंडाळलेली तार. खाली लिहिलं होतं, 'काम झालं. आभारी आहे भाऊ.' काकी समोरच्या खुर्चीवर बसून तात्यांना कागदावर रेघा मारून दाखवत होत्या, कुठल्या ओळीतले किती घड काढायचे. मी फोन उलटा ठेवला.

मुंबईला उतरून आम्ही बसनं निघालो. आधी इंदापूरकडच्यांना सोडून मग बारामतीला वळायचं ठरलं होतं. पुण्याच्या पुढं काकींनी उभं राहून सगळ्यांना आवतण दिलं. "बाग रस्त्यालाच हाय. समद्यांनी उतरायचं. तितली बघितली, आता माझी बघा." बसनं टाळ्या वाजवल्या.

भिगवणला उजनीचं पाणी दिसायला लागलं तेव्हा मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. घर आता अर्ध्या तासावर होतं. माझ्या नियमाप्रमाणं हीच योग्य वेळ होती. मी हळू आवाजात सगळं सांगितलं. संजू काय म्हणाला, मी काय कबूल केलं, फोटो कधी आला.

काकी खिडकीबाहेर बघत राहिल्या. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "म्या फोन केला तवा उभी व्हती?"

"हो काकी."

"त्या परक्या बाईचं बोलनं जसंच्या तसं सांगितलंस. माझंच तेवढं ठिवून घेतलंस."

नियम, धंदा, त्यांच्या पोराचे भरून आलेले डोळे, यातलं एकही कारण मी तेव्हा तोंडातून काढू शकलो नाही.

बस त्यांच्या वस्तीपाशी थांबली. मागून कुणीतरी ओरडलं, "काकी, आली का बाग?" मला वाटलं आता त्या काहीतरी सांगून सगळ्यांना परत पाठवतील. काकी सीट धरून उठल्या. "आली. चला, उतरा," म्हणाल्या.

पस्तीस माणसं हसत खेळत उतरली आणि बांधावर जाऊन उभी राहिली. नांगरल्यासारखी उघडी जमीन. तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. पलीकडून संजू धावत येत होता, त्याला काकींनी हातानंच तिथं थांबवलं. मग त्या मोकळ्या रानात शिरल्या आणि लोकांना बाग दाखवायला लागल्या. "ही पयली ओळ. हिला ऊन लई मिळायचं, म्हनून गोडी आधी भरायची. ही दुसरी. हिच्या सावलीला ह्यांची खाट असायची." लोक एकमेकांकडं बघत त्यांच्या मागनं चालत होते, जिथं वेल होते तिथं पाय पडू नये म्हणून जपून.

मी बसच्या दारातच उभा होतो. तिसऱ्या ओळीशी काकी थांबल्या आणि मागं वळल्या.

"दिलीपा, तू का वर? तू तर बघायलाच पायजे."

मी उतरलो. शेवटच्या ओळीपर्यंत त्यांच्या मागं चाललो.